‘सर्व्हर डाऊन’ आणि पावणेबाराची जीप

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावातल्या एखाद्या सेवा केंद्रात सकाळी अकराला दोन खिडक्या उघडल्या, असं समजू. दोन ऑपरेटर, दोन कॉम्प्युटर आणि बाकावर तिघं जण. पहिल्या दोघांचं काम दहा-दहा मिनिटांचं. एकाला सातबारा हवाय, दुसऱ्याला उत्पन्नाच्या दाखल्याची प्रिंट. दोघांची जीप साडेअकराची. तिसरी एक आई, वरच्या पाड्यावरून उतरून आलेली. मुलीच्या जातपडताळणीचा अर्ज भरायचाय. वीस कागद स्कॅन करायचे, नावातली काना-मात्रा जुळवायची. चाळीस मिनिटं कुठंच गेली नाहीत. तिची जीप पावणेबाराची. ती चुकली की पुढची थेट संध्याकाळी.

ज्याची गाडी आधी, त्याला आधी सोडा, हा बाकावरचा न्याय. कुणाला खटकणारही नाही. त्यानुसार पहिले दोघं दोन खिडक्यांवर बसतात आणि अकरा दहाला मोकळे होतात. मग आई बसते. चाळीस मिनिटांनी, अकरा पन्नासला तिचा अर्ज ‘सबमिट’ होतो. जीप पाच मिनिटांपूर्वी निघून गेलेली असते.

आता हेच जरा वेगळं लावून पाहा. आईला अकरालाच एका खिडकीवर बसवा. उरलेल्या दोघांना दुसऱ्या खिडकीवर एकामागून एक घ्या. एक अकरा दहाला सुटतो, दुसरा अकरा वीसला, आई अकरा चाळीसला. तिघांनाही गाड्या मिळतात. माणसं तीच, खिडक्या त्याच, ऑपरेटरचा वेगही तोच. फक्त क्रम बदलला.

कॉम्प्युटरशास्त्रात हे कोडं पन्नास वर्षांचं होत आलंय. १९७३ साली सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी गणिताने दाखवलं की प्रोसेसर एकच असेल आणि कामं ठराविक अंतराने येत असतील, तर ‘ज्याची मुदत आधी, त्याला आधी’ हा नियम प्रोसेसरची शंभर टक्के ताकद वापरूनही सगळ्या मुदती पाळतो. मग याच लिऊंबरोबर सुदर्शन ढल यांनी १९७८ मध्ये दुसरा निबंध लिहिला आणि हा सुंदर नियम एकाहून जास्त प्रोसेसर आले की कसा कोलमडतो ते मांडलं. बरीचशी ताकद रिकामी पडलेली असतानाही मुदत चुकते. पाठ्यपुस्तकांत याला ‘ढल इफेक्ट’ म्हणतात. पाड्यावरच्या आईची पावणेबाराची जीप चुकली ती या इफेक्टमुळेच. अकरा दहानंतर एक खिडकी रिकामीच बसली होती, हे लक्षात घ्या.

नंदुरबार जिल्ह्यात हा विषय काढायला एक जुनं कारण आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग, सोनिया गांधी, नंदन निलेकणी असे सगळे त्या छोट्या गावात आले होते आणि पहिलं कार्ड गावच्या रंजना सोनवणे यांच्या हाती पडलं. त्या दिवशी देशभरच्या छायाचित्रांत कार्ड दिसलं. कार्डामागे जे उभं राहत होतं, ते मात्र कुठल्याच फोटोत मावण्यासारखं नव्हतं: एकाच वेळी हजारो यंत्रांनी काम वाटून घ्यायचं, अशी जगातल्या फार मोठ्या कॉम्प्युटर व्यवस्थांपैकी एक.

आधारमध्ये दोन अगदी वेगळ्या जातींची कामं असतात. पहिलं नावनोंदणीचं. नवा माणूस आला की त्याचे ठसे आणि डोळ्यांच्या खुणा आधीच्या प्रत्येक माणसाशी ताडून बघायच्या, म्हणजे एकाच माणसाला दोन क्रमांक जायला नकोत. आधीची नावं साठ कोटी आणि रोजची नवी दहा लाख धरली, तर दिवसाला ६०० लाख कोटी तुलना होतात. हे काम आधार प्राधिकरणाने सुरुवातीला तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बायोमेट्रिक यंत्रणांमध्ये वाटलं, आणि वाटणी कायमची ठरवून टाकली नाही. जी यंत्रणा जास्त अचूक आणि वेगवान चालेल, तिच्याकडे जास्त काम वळवायचं. जी ढेपाळेल तिचा वाटा कमी. परिस्थिती पाहून स्वतःची वाटणी बदलणारी बहुप्रोसेसर व्यवस्था ती हीच. पण या कामाला घाई नसते. क्रमांक आज आला काय नि आठवड्याने आला काय, जीप चुकत नाही.

दुसरं काम ओळख पटवण्याचं. रेशन दुकानात अंगठा ठेवला, की तो त्याच माणसाचा आहे का, एवढंच विचारायचं. तुलना एकच, पण ती सेकंदांत व्हायला हवी, कारण मागे रांग आहे आणि रांगेतल्या प्रत्येकाची मजुरी बुडतेय. सरकारी आकड्यांनुसार २०२४-२५ या वर्षात अशा ओळखपडताळण्या २,७०७ कोटी झाल्या; एकट्या मार्च २०२५ मध्ये २४७ कोटी. चोवीस तासांवर सारख्या पसरल्या तर सेकंदाला सव्वानऊशेच्या आसपास. पण पहाटे तीन वाजता रेशन कोण घेतो? सगळा भार दिवसाच्या मोजक्या तासांत, महिन्याच्या मोजक्या दिवसांत येतो. आणि सातपुड्यात तर बाजाराच्या दिवशीच, कारण डोंगर उतरण्याचे कष्ट एकदाच घ्यायचे असतात. धान्य, तेलमीठ, बँक, दवाखाना, सगळं त्याच फेरीत.

घाईचं आणि बिनघाईचं काम एकाच यंत्रणेवर आलं की कुणाला थांबवायचं, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. हे ‘कुणीतरी’ यंत्र नसतं. म्हणूनच ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य फसवं आहे. पाऊस पडतोय किंवा दरड कोसळलीय, त्या चालीवर ते उच्चारलं जातं. आकाशातून आलेली गोष्ट. कुणाचा दोष नाही, कुणाला विचारायचं नाही. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा सर्व्हर जिवंत असतो, भरपूर काम करत असतो, पण रांगेत उभ्या असलेल्या बाईचं नाही.

अंगठा ठेवल्यावर काय होतं ते जरा जवळून पाहू. हातात मावणाऱ्या ई-पॉस यंत्रातून निरोप निघतो. आधी मोबाइलचा टॉवर. अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरात तो कुठल्या टेकडीवर सापडेल याचीच पंचाईत. मग राज्याची शिधावाटप यंत्रणा, मग आधारशी जोडून देणारी मधली संस्था, मग आधार प्राधिकरणाचं डेटा सेंटर, आणि याच वाटेने उत्तर परत. प्रत्येक मुक्कामाला वेगळी रांग, प्रत्येक रांगेचा वेगळा कारभारी. निरोपात अंगठा कधी ठेवला ती वेळ असते. बाईची जीप कधीची, ते नसतं. उत्तर आलं नाही की दुकानदार पुन्हा अंगठा ठेवायला सांगतो. पुन्हा. बोट पुसून पुन्हा. दर वेळी रांगेत एक निरोप वाढतो, आणि आधीच दमलेली यंत्रणा आणखी दमते.

यावर मंत्रालयापासून चहाच्या टपरीपर्यंत एकच उतारा ऐकू येतो: सर्व्हर वाढवा. ऐकायला रास्त वाटतं. पण १९६६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या रोनाल्ड ग्रॅहम या गणितज्ञाने या समजुतीला सुरुंग लावला. (हे ग्रॅहम हातात चेंडू झेलत राहण्याच्या कलेतही तरबेज होते, अशा कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही झाले, कामं हवेत कशी ठेवायची हे त्यांना दोन्ही अंगांनी कळत असावं.) त्यांचं प्रसिद्ध उदाहरण नऊ कामांचं आहे. काही कामं आधीची संपल्याशिवाय सुरू होत नाहीत. तीन प्रोसेसरवर ती १२ एककांत आटोपतात. चौथा प्रोसेसर दिला की १५ लागतात! प्रत्येक काम थोडं लहान केलं तरी १३. कामांमधल्या अटी सैल केल्या तर १६. यंत्र वाढलं, काम घटलं, नियम शिथिल झाले, आणि तरी उशीर वाढला. कारण मोकळ्या हाताने समोर आलेलं भलतंच काम आधी उचललं आणि महत्त्वाचं मागे राहिलं.

यंत्रसामग्री घेऊ नये असं कुणी म्हणत नाही. पण खरेदी सोपी असते. टेंडर निघतं, फीत कापता येते. क्रम लावणं अवघड, कारण त्यात कुणाला तरी ‘तू थांब’ म्हणावं लागतं, आणि ते कुठल्याही खात्याला नको असतं.

मुंबईतल्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने अलीकडे हे ‘तू थांब’ उघडपणे म्हटलं. एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय अडखळलं तेव्हा कारण निघालं ते मजेशीर होतं. पैसे पाठवण्याच्या व्यवहारांपेक्षा ‘पैसे पोचले का, पोचले का’ या विचारपुशीच्या निरोपांनी, म्हणजे बँकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकशांनी, यंत्रणेची कोंडी केली होती. मग १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आले. शिल्लक तपासणं एका अॅपवर दिवसाला पन्नास वेळाच. दरमहा आपोआप कापले जाणारे हप्ते सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ या गर्दीच्या वेळा सोडून. भाजीवाल्याचे चाळीस रुपये आधी, विम्याचा हप्ता मागाहून. रेल्वेनेही २०१५ पासून तत्काळ तिकिटांची वेळ फोडली: वातानुकूलित डब्यांची दहाला, बाकीची अकराला. दोन्ही ठिकाणी कुणाची मुदत खरी आणि कुणाची सोयीची, याचा निवाडा माणसांनी केला आणि नियम म्हणून जाहीर केला.

रेल्वेवरून आठवलं. सुरत-भुसावळ मार्ग २०१८ मध्ये पूर्ण दुहेरी झाला. त्याआधी नंदुरबार, नवापूर, दोंडाईचा इथल्या प्रवाशांना ‘क्रॉसिंग’ हा शब्द कुणी शिकवावा लागत नव्हता. (नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, तिथे एका बाकावर बसून दोन राज्यांत वाट बघता येते.) एकेरी रुळावर गाडी एकदा दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात शिरली की तिला मागे ढकलता येत नाही. समजा टप्प्यात मालगाडी आहे. पुढच्या स्टेशनात पॅसेंजर जागा अडवून उभी, म्हणून मालगाडी तिथेच खोळंबलीय. आणि या मालगाडीमागे एक्स्प्रेस. कागदावर एक्स्प्रेसचा मान सगळ्यात मोठा, पण ती थांबते पॅसेंजरच्या मर्जीवर, जिच्याशी तिचा थेट संबंधच नाही.

हाच घोळ १९९७ साली मंगळावर झाला. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलैला उतरलं आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर स्वतःला पुन्हा पुन्हा बंद-चालू करू लागला. हवामानाची नोंद घेणाऱ्या एका किरकोळ कामाने सामायिक माहितीचं कुलूप लावून ठेवलं होतं. त्याला मधल्या दर्जाची संपर्काची कामं पुढे सरकू देत नव्हती. आणि ज्याच्यावर यानाचा कारभार, ते सर्वांत महत्त्वाचं काम त्या कुलपाबाहेर ताटकळत होतं. वेळेत ते झालं नाही की राखणदार सर्किट सगळं नव्याने सुरू करत असे. पृथ्वीवरच्या इंजिनिअरांनी प्रयोगशाळेतल्या जुळ्या यंत्रावर तीच चूक घडवून आणली आणि उपाय दूरवरून पाठवला: किल्ली ज्याच्या हातात आहे, त्याला वाट पाहणाऱ्याचा दर्जा तात्पुरता द्यायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो सविस्तर मांडलेला होता.

महसूल खात्याला हा उपाय लागू करून पाहण्यासारखा आहे. मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख परवा. त्यासाठी दाखला हवा, दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात.) तलाठ्याच्या लेखी हा अहवाल किरकोळ कागद. त्याच्या टेबलावर पंचनामे, बैठका, निवडणुकीची कामं. प्रवेश अडलाय हे त्याच्या पडद्यावर दिसतच नाही. तो अहवाल वर सरकतो कधी? ओळखीच्या कुणाचा फोन गेला की. म्हणजे मान उसना देण्याची व्यवस्था आपल्याकडेही आहे, फक्त ती मुदतीच्या जोरावर चालत नाही, फोनच्या जोरावर चालते. सॉफ्टवेअरमध्ये प्रवेशाची तारीख अहवालाला चिकटवून वर पाठवायला कितीशा ओळी लागतील?

कायद्याने मुदती दिल्यात, हे खरं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवेला किती दिवस, ते फलकावर लावायचं. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड. पण हा कायदा मोजतो ते दिवस. फिरत्या चक्राकडे बघत बसलेल्या बाईची मिनिटं त्यात येत नाहीत, आणि अर्ज ‘सबमिट’च झाला नाही तर दिवसही सुरू होत नाहीत.

कंत्राटांची मोजणी तर आणखी भाबडी. ‘यंत्रणा ९९ टक्के वेळ चालू राहील’ या ओळीवर सगळे खूश असतात. तीस दिवसांच्या महिन्यात एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटं. ती मध्यरात्री विखरून गेली तर कुणाला पत्ता लागणार नाही. तीच बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून एकगठ्ठा आली तर पंचक्रोशीतल्या एकाही पाड्याला त्या दिवशी धान्य नाही, आणि कंत्राटदाराचा अहवाल मात्र स्वच्छ. रिअल-टाइम व्यवस्थांचे अभ्यासक सरासरीवर विश्वास ठेवत नाहीत ते यासाठीच. त्यांचा प्रश्न एकच: किती मुदती चुकल्या, आणि कुणाच्या?

या शास्त्रातला एक मोठा माणूस आपल्या मुंबईतच होता. कृती रामामृतम अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स विद्यापीठात जॉन स्टँकोविक यांच्याबरोबर ‘स्प्रिंग’ नावाच्या व्यवस्थेवर काम करत होते आणि पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. १९८० च्या दशकातला त्यांचा विचार साधा, पण धीट आहे. काम दाराशी आलं की यंत्रणेने आधी हिशेब करायचा: आत्ता हातात जे आहे ते सांभाळून हे नवं काम त्याच्या मुदतीत होईल का? होणार असेल तर हमी द्यायची, आणि एकदा दिलेली हमी नंतर आलेल्या कुणासाठीही मोडायची नाही. होणार नसेल तर लगेच शेजारच्या यंत्राला विचारायचं, तुझ्याकडे जमेल का. तिथेही जमत नसेल तर नाही म्हणायचं. आत्ताच, म्हणजे मागणाऱ्याला दुसरी वाट शोधायला वेळ राहतो.

सरकारी यंत्रणांना नेमकं हे ‘नाही’ म्हणता येत नाही. त्या सगळ्यांनाच आत घेतात आणि मग सगळ्यांनाच ताटकळत ठेवतात. मोलगीच्या वरच्या पाड्यातून दोन तास उतरून आलेल्या बाईला दुपारी दोनला ‘उद्या या’ सांगणं आणि आदल्या संध्याकाळी ‘उद्या नको, गुरुवारी ये, तुझं नाव लावून ठेवलंय’ असा निरोप धाडणं, या दोन्हींत सर्व्हरचा वेग तोच असतो. फरक तिच्या एका दिवसाच्या मजुरीचा असतो. रेंज नाही हे कारण पुरत नाही. गावात अंगणवाडी आहे, आशा आहे, ग्रामपंचायतीचा शिपाई आहे, आणि भिलोरीत, पावरीत तोंडी निरोप जायला टॉवर लागत नाही.

रामामृतम यांच्या आयआयटीतल्या गटाने शेतकऱ्यांसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत प्रश्न विचारण्याची एक सेवाही उभारली होती. नाव ‘आक्वा’. त्याचा विस्तार केला तर अर्थ होतो, ‘जवळजवळ’ सगळ्या प्रश्नांची उत्तरं. कुठल्या सरकारी योजनेच्या नावात हा ‘जवळजवळ’ कुणी पाहिलाय?

आता आक्षेप येईल की धान्य हा हक्क आहे, त्याला ‘नाही’ कसं म्हणायचं. आक्षेप खरा आहे. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य गटात माणशी पाच किलो; ज्या घरात हेच मुख्य धान्य, तिथे गुरुवारपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे चूल थांबवणं. इथे जेन लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मांडलेली कल्पना कामाला येते. प्रत्येक कामाचे दोन भाग करायचे: एक झालाच पाहिजे असा, दुसरा जमला तर. भार वाढला की यंत्रणेने जमला-तर भाग सोडून द्यायचा, पण झालाच-पाहिजे भाग मुदतीत उरकायचा. कमी नेमकं उत्तर चालेल. उशिरा आलेलं चालणार नाही.

रेशनच्या बाबतीत झालाच-पाहिजे भाग कुठला? पिशवीत धान्य पडणं, आणि किती पडलं याची नोंद यंत्रात राहणं. अंगठ्याची थेट पडताळणी रेंज आल्यावर, संध्याकाळी, रात्रीही होऊ शकते. आजच्या रचनेत मात्र उलट आहे. पडताळणी सक्तीची आणि धान्य जमलं तर. ऑफलाइनची सोय मिळायची तर वरून आदेश निघावा लागतो, आणि तो निघेपर्यंत आठवडा सरतो. चोरी होईल ही भीती खोटी नाही. रेशनच्या काळ्या बाजाराच्या गोष्टी खानदेशात सगळ्यांना पाठ आहेत. पण मग भीतीची किंमत कोण मोजतंय तेही उघड बोलावं. दहा दुकानांतल्या चोरीच्या शंकेसाठी डोंगरातल्या प्रत्येक कार्डधारकाच्या दोन फेऱ्या, हा सौदा कुणी तरी केलेला आहे. त्यावर सही कुणाची?

जिल्ह्याला हे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोकसंख्या, त्यात आदिवासी जवळजवळ ७० टक्के, नकाशावर राज्याच्या टोकाला. तरीही कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत इतर जिल्हे ऑक्सिजनसाठी टँकरची वाट बघत असताना नंदुरबार तगलं होतं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिला ऑक्सिजन प्लांट सप्टेंबर २०२० मध्येच उभारला होता. पहिली लाट ओसरल्यावरही ते थांबले नाहीत. ही झाली क्षमता वाढवण्याची बाजू, आणि तिचं कौतुक भरपूर झालं. कमी बोललं गेलं ते दुसऱ्या बाजूबद्दल. रुग्णालयात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या होत्या. त्या खाटांमधून फिरायच्या, रुग्णाची पातळी बघायच्या आणि गरज असेल तेवढाच प्रवाह ठेवून नळी फिरवायच्या. ज्याला चार लिटर पुरतं त्याला दहा जाऊ द्यायचं नाही, आणि ज्याची पातळी घसरतेय त्याला तिथल्या तिथे वाढवून द्यायचं. मोजा, बदला, पुन्हा मोजा. याच विचाराने चालणाऱ्या प्रोसेसर-वाटपावर १९९० च्या दशकाअखेरपासून निबंधांच्या चळती लिहिल्या गेल्यात. नंदुरबारच्या वॉर्डात तो विचार पांढऱ्या कपड्यांत फेऱ्या मारत होता.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. पुढचं कंत्राट लिहिताना ‘९९ टक्के चालू’ या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: दुकान उघडं असताना ठेवलेल्या दर शंभर अंगठ्यांपैकी किती उत्तरं तीस सेकंदांत आली, तालुकावार, दर आठवड्याला, तहसीलच्या फलकावर. शहादा आणि अक्राणी यांचे आकडे शेजारी-शेजारी लागू द्या. पाड्यांना दिवस वाटून द्या आणि त्या दिवसाची हमी पाळा. सलग तीन उत्तरं आली नाहीत की आदेशाची वाट न बघता यंत्राने आपणहून ऑफलाइनवर जावं, हे सॉफ्टवेअरमध्येच लिहा. राज्यभरच्या ई-केवायसीसारख्या मोहिमांना एकच शेवटची तारीख देऊ नका. सगळ्या जिल्ह्यांना एका रात्रीत एका दाराशी उभं केलं की दार कुठलंही असो, मोडणारच.

आणि सेवा केंद्रातल्या पडद्यावर एक रकाना वाढवा. आज त्या अर्जात आईचं नाव, वडिलांचं नाव, जात, उपजात, पिन कोड, ई-मेलसुद्धा विचारतात. धडगावच्या बाईचा ई-मेल! काही ऑपरेटर मात्र पडद्यावर नसलेला एक प्रश्न बाकाकडे मान वळवून विचारतात. तो विचारायला लागतात तीन सेकंद. “बाई, तुमची गाडी कितीची?”